ब्रेकमधली हवा आणि ‘झालं’ म्हणण्याचा अधिकार

(भिवंडीतील एका वाचनालयाच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन. बोलण्याची लय शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न जोडले आहेत.)

मागच्या वेळी मी या सभागृहात आलो तेव्हा विषय होता मायावाद, आणि समोर अकरा माणसं होती. आज विषय आहे घरच्या घरी गाडीच्या ब्रेकमधली हवा कशी काढावी, आणि मागे लोक उभे आहेत. (हशा) मला याचं वाईट वाटत नाही. मायावाद कळला नाही तरी माणूस संध्याकाळी घरी पोचतो. ब्रेक लागला नाही तर पोचेलच असं नाही.

मी तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालो. मेकॅनिक नाही. पण गेली बरीच वर्षं माझ्या जुन्या छोट्या गाडीची किरकोळ कामं मी स्वतः करतो. त्यातलं हे एक काम मी एकदा चुकीचं केलं. ते कसं चुकलं, हे सांगितल्याशिवाय बरोबर कसं करायचं ते सांगण्यात अर्थ नाही. म्हणून आधी यंत्र समजून घेऊ, मग माझी चूक, आणि मग पद्धत.

पायापासून चाकापर्यंत

आपण पेडल दाबतो आणि चाक थांबतं. मध्ये काय होतं? जुन्या गाड्यांत तारा आणि सळया असायच्या, सायकलसारख्या. अमेरिकेत १९२१ च्या सुमारास ड्यूसेनबर्ग कंपनीने चारही चाकांना द्रवावर चालणारे ब्रेक असलेली गाडी विकायला आणली, आणि पुढे सगळ्याच मोटारी त्या वाटेने गेल्या. या द्रवाला आपण ब्रेक ऑइल म्हणतो. खरं तर ते तेल नाही, पण नाव रूढ झालंय, तेच वापरू.

यामागचा नियम पास्कलचा. ब्लेज पास्कल, १६२३ ते १६६२. आमच्या विषयात तो देवाच्या अस्तित्वावर पैज लावणारा म्हणून शिकवला जातो, इंजिनिअरिंगवाले त्याला दाबाचं एकक म्हणून ओळखतात. माणूस एकच. तो म्हणतो, बंद भांड्यातल्या द्रवावर एका जागी दाब दिला की तो कमी न होता सगळीकडे सारखा पोचतो.

आता आकडे घ्या, उदाहरणापुरते. तुमच्या पायाचा जोर २० किलो. पेडल ही तरफ आहे, तिने तो पाचपट केला, १०० किलो झाला. हा जोर मास्टर सिलिंडरमधल्या पिस्टनवर पडतो. पिस्टनचं तोंड समजा ३ चौरस सेंटिमीटर. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण ३३ किलो दाब. तोच दाब नळीतून चाकापाशी गेला. तिथल्या कॅलिपरचा पिस्टन मोठा, १८ चौरस सेंटिमीटर. ३३ गुणिले १८, जवळजवळ ६०० किलो. वीस किलोचे सहाशे झाले, आणि हल्लीच्या गाड्यांत बूस्टर आणखी मदत करतो तो वेगळाच.

पण जगात फुकट काही मिळत नाही. जोर वाढला त्याची किंमत अंतरात मोजावी लागते. मास्टरचा पिस्टन सरकतो तीनेक सेंटिमीटर, आणि तिकडे पॅड सरकतं मिलिमीटरच्या काही भागाइतकं. म्हणजे या उदाहरणात तुमचा पाय पूर्ण तळाला गेला तरी ढकलला जातो फक्त ९ घनसेंटिमीटर द्रव. चहाचे दोन चमचेसुद्धा नाहीत. या दोन चमच्यांवर आपण सगळा संसार गाडीत बसवून नाशिकला जातो.

आता या नळीत ३ घनसेंटिमीटर हवा शिरली समजा. द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते. तीस-पस्तीस पट दाबाखाली तिचा बुडबुडा तितक्याच पटीने आक्रसतो, म्हणजे जवळजवळ नाहीसाच होतो. त्याची रिकामी झालेली जागा भरायला तुमच्या नऊपैकी तीन घनसेंटिमीटर गेले. तेवढं पेडल तुम्ही नुसती हवा दाबण्यात घालवलंत. पायाला ते गादीसारखं मऊ लागतं. पॅड आणि लायनर झिजलेले असतील, फट वाढलेली असेल, तर उरलेल्या सहात भागत नाही, आणि पेडल तळाला टेकतं.

ओलं इंधन

इथे कुणी म्हणेल, नळी जर बंद आहे तर हवा शिरते कुठून? एक वाट म्हणजे दुरुस्ती. पॅड-सिलिंडरचं काम करताना नळी उघडली, किंवा वरच्या डब्यातलं ऑइल तळाला गेलं, की हवा जाते. दुसरी वाट मला जास्त विलक्षण वाटते. हवा बाहेरून येत नाही, आतच जन्माला येते.

नेहमीचं ब्रेक ऑइल, म्हणजे डीओटी ३, डीओटी ४, ग्लायकॉल जातीचं असतं. ते हवेतली ओल शोषतं. मिठाच्या बरणीचं झाकण पावसाळ्यात उघडं राहिलं की काय होतं, ते इथल्या घरात सांगायला नको. रबरी होज पाइपमधून, डब्याच्या झाकणातून, वर्षानुवर्षं थोडी थोडी ओल आत जाते. आपली भिवंडी खाडीकाठची, चार महिने पावसाची. पावसाळ्यात आपल्या पापडाची आपण जेवढी काळजी करतो, तेवढी ब्रेक ऑइलची करत नाही.

ओल गेली तर बिघडलं काय? उकळण्याचं तापमान खाली येतं. डीओटी ३ कोरडं असताना किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळू नये, असं मानक आहे. त्यात ३.७ टक्के पाणी मिसळल्यावर ही मर्यादा १४० वर येते. डीओटी ४ ची २३० वरून १५५ वर. आणि एकदा पाण्याची वाफ झाली की नळीत वायू तयार झाला. पाण्याचा एक भाग वाफ होऊन साध्या दाबाला सोळाशे-सतराशे पट जागा मागतो.

हे होतं कधी? कसारा घाट घ्या. इगतपुरीकडून खाली यायला लागलो की सुमारे ३०० मीटर उतार. माणसांसह १००० किलोची गाडी तेवढी खाली आली की साधारण २९ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. सगळी ब्रेकवर टाकली तर ती नऊ लिटर पाणी उकळीपर्यंत तापवायला पुरेल. ती सगळी जाते डिस्क, पॅड आणि ड्रममध्ये, आणि तिथून थोडी ऑइलमध्ये. म्हणून ट्रकवाले सांगतात, ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर. इंजिनला गाडी धरू द्या, ब्रेकला विश्रांती द्या.

तर्कशास्त्रात आम्ही एक जुनं उदाहरण शिकवतो. जिथे धूर तिथे अग्नी, हे बरोबर. पण उलट, जिथे अग्नी तिथे धूर, हे बरोबर नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर यायला ओलं इंधन लागतं. नैयायिक याला उपाधी म्हणतात, म्हणजे लपलेली अट. तीस वर्षं मी हे फळ्यावर लिहिलं, आणि मुलं जांभया द्यायची. आता मला त्याचं चांगलं उदाहरण सापडलंय. घाटात ब्रेक तापले म्हणजे निकामी होतीलच असं नाही. उपाधी आहे ओलं ऑइल. तापणं टाळता येत नाही, ओल टाळता येते. म्हणून अनेक कंपन्या साधारण दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलायला सांगतात, गाडी कमी चालली तरीही. माझ्यासारख्या निवृत्त माणसाची गाडी फार चालत नाही. पण ओल किलोमीटर मोजत नाही.

माझी चूक

आता कबुलीजबाब. काही वर्षांपूर्वी मी ठरवलं, हे काम घरी करायचं. पुस्तक वाचलं, सामान आणलं, सोसायटीच्या आवारात गाडी लावली. मदतीला बायको. ती आत ड्रायव्हरच्या सीटवर, मी मागच्या डाव्या चाकापाशी जमिनीवर.

काम असं असतं. आतला माणूस पेडल दाबून धरतो. बाहेरचा माणूस चाकामागचं छोटं निपल पान्याने किंचित ढिलं करतो. दाबाने ऑइल आणि हवा नळीतून बाहेर येते. बाहेरचा निपल घट्ट करतो, आणि मगच आतला पाय उचलतो. क्रम महत्त्वाचा. निपल उघडं असताना पाय उचलला तर पेडल परत येताना बाहेरची हवा आत ओढून घेतं. पिचकारीसारखं.

तीन चाकं नीट झाली. चौथ्याला पाना अडकत होता. आतून आवाज आला, “अहो, सोडू का?” मी पान्यावर जोर लावत होतो, म्हणालो, “सोडलं, सोडलं!” मला म्हणायचं होतं, निपल सोडलं. तिने ऐकलं, सोड. तिने पाय उचलला. आणि माझ्या प्लॅस्टिकच्या नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडलेलं नव्हतं, ते वर लोंबकळत होतं. एक बारीक घोटल्यासारखा आवाज आला. मी ऐकला. पण घामाघूम झालो होतो, बाकीचं सगळं छान झालं होतं, मी निपल घट्ट केलं आणि उठलो.

मग मी गाडीत बसलो, पेडल चार-पाच वेळा भराभर दाबलं. दगडासारखं कडक लागलं. मी म्हणालो, “झालं!”

हा ‘झालं’ शब्द लक्षात ठेवा. कारण पेडल भराभर दाबलं की ते कडक लागणारच. प्रत्येक वेळी मास्टर सिलिंडर डब्यातून थोडं जादा ऑइल घेतो आणि बुडबुड्याची जागा भरून काढतो. शिवाय इंजिन बंद असलं की बूस्टरमधली निर्वात पोकळी दोन-तीन दाबांत संपते, मग पेडल तसंही जड होतं. मी जी परीक्षा घेतली, ती परीक्षा बिघडलेली गाडीसुद्धा पास झाली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. आवारात पेडल जरा खाली गेल्यासारखं वाटलं, पण वेग काहीच नव्हता. पुढे मागांच्या गल्लीतून मोठ्या रस्त्याकडे वळलो. समोर हातगाडीवर कापडाचे तागे रचून एक माणूस चालला होता. तो थांबला. मी ब्रेक दाबला. पेडल तळाला गेलं. पुन्हा दाबलं, हँडब्रेक ओढला, आणि गाडी थांबली ती त्याच्या पाठीपासून दीड-दोन वितींवर. त्याला काही कळलं नाही. त्याने मागे वळून पाहिलं, म्हणाला, “आराम से, बाबा,” आणि हातगाडी ढकलत निघून गेला.

मी बराच वेळ तिथेच गाडी उभी करून बसलो. मागून हॉर्न वाजत होते. मला वाटत होतं, मी घरचं काम केलं होतं. माझी गाडी, माझा रविवार, माझे पैसे वाचले. या हिशोबात तो माणूस कुठेच नव्हता. त्याला कुणी विचारलं नव्हतं की बाबा रे, एका प्राध्यापकाने स्वतः ब्रेक केलाय, चालेल का? गाडीचा रेडिओ माझा, सीट माझी, रंग माझा. ब्रेक मात्र जेवढा माझा, तेवढाच समोरच्याचा आहे. म्हणून ‘झालं’ म्हणण्याचा अधिकार नुसत्या माझ्या समाधानावर उभा राहू शकत नाही.

खात्री कुठून येते

आमच्याकडे यावर हजार वर्षांहून जुना वाद आहे. मीमांसक म्हणतात, ज्ञान मुळात स्वतःच प्रमाण असतं. एखादी गोष्ट दिसली, कळली, की ती खरी धरायची, बाध येईपर्यंत. नैयायिक म्हणतात, नाही. ज्ञान झालं हे एक, ते खरं आहे हे कळणं दुसरं. लांबून पाणी दिसलं. ते पाणीच आहे की मृगजळ, हे कसं कळणार? जवळ जा, पी, तहान भागली तर पाणी. कृती सफल झाली यावरून ज्ञानाचं खरेपण कळतं.

रोजच्या जगण्यात आपण सगळे मीमांसक असतो, आणि तेच बरोबर आहे. प्रत्येक पायरी तपासून उतरायचं म्हटलं तर दिवस संपेल. पण ब्रेकच्या बाबतीत मी मीमांसक झालो आणि बाध आला तो एका माणसाच्या पाठीपासून दोन वितींवर. इथे नैयायिक व्हावं लागतं. फक्त एक अडचण आहे. कृती करून बघायची, पण कृती फसली तर? पाणी नसेल तर तहानलेले राहाल. ब्रेक नसेल तर? म्हणून माझी त्यात छोटी भर: परीक्षा अशा ठिकाणी घ्यावी, जिथे नापास होणं स्वस्त पडतं. ते ठिकाण म्हणजे उभी गाडी आणि मोकळं आवार.

तुमच्यापैकी अनेक जण मागावर वाढलात. बाणा तुटला की माग आपोआप थांबतो. तुटलेलं सूत माग लपवत नाही. गाडीचा ब्रेक असा प्रामाणिक नाही. तो बिघडलाय हे तुम्ही दाबल्याशिवाय सांगत नाही, आणि तेव्हा कधी कधी उशीर झालेला असतो. आपण त्याला आधीच विचारायचं असतं.

आता पद्धत

त्या प्रसंगानंतर आमच्या ओळखीच्या एका मिस्त्रींनी मला समोर बसवून शिकवलं. त्यांचंच सांगतो.

सामान. गाडीच्या पुस्तकात आणि डब्याच्या झाकणावर जे लिहिलंय त्याच प्रतीचं ब्रेक ऑइल, नवं, सीलबंद. गेल्या वर्षीचा अर्धा डबा वापरू नका, त्याने एक पावसाळा पाहिलाय. निपलच्या मापाचा रिंग पाना, बहुधा ८ किंवा १० मिलिमीटर. चपट्या तोंडाच्या पान्याने निपलचे कोपरे झिजतात, मग ते हलत नाही. पारदर्शक नळी, पारदर्शक बाटली, जॅक, आणि जॅकबरोबर स्टँड. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हात-डोकं घालू नका, कधीच नाही. जमीन सपाट हवी, टेकलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकूड हवं.

तयारी. इंजिन बंद. वरच्या डब्यातलं जुनं, काळपट ऑइल स्वच्छ सिरिंजने काढा, पण तळ उघडा पाडू नका. नवं ऑइल कमाल खुणेपर्यंत भरा. ऑइल पत्र्यावर सांडलं तर रंग खातं, लगेच पाण्याने धुवा. डोळ्यांना आणि पोटाला ते घातक आहे. म्हणून जुनं ऑइल पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका. घरात लहान मुलं असतात.

क्रम. साधा नियम, लांबून जवळ. आपल्या गाड्यांत ड्रायव्हर उजवीकडे आणि मास्टर सिलिंडर त्याच्या पुढे. म्हणून सगळ्यात लांबचं मागचं डावं चाक, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. पण अनेक गाड्यांत ब्रेकची मंडलं तिरपी जोडलेली असतात, पुढचं एक चाक आणि मागचं विरुद्ध बाजूचं. तिथे कंपनीचा क्रम वेगळा असू शकतो. पुस्तक सांगेल ते ऐका, माझं नाही.

निपल. त्यावरची रबरी टोपी काढा, माती पुसा. गंजलं असेल तर गंज सोडवणारा फवारा मारा आणि थांबा. जबरदस्तीने तुटलं तर कामही वाढेल आणि खर्चही. निपल सिलिंडरच्या वरच्या बाजूला असायला हवं, कारण हवा वर जाते. कुणी डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल करून बसवला असेल तर निपल खाली येतं, आणि मग जन्मभर पंप मारला तरी हवा निघत नाही.

आता शब्द. मिस्त्री हसून म्हणाले, “सर, आमच्याकडे या कामात ‘सोड’ शब्दच नाही.” पेडलसाठी तीनच शब्द: दाब, धर, उचल. निपलसाठी दोन: ढील आणि टाइट. आणि ऐकणाऱ्याने शब्द परत म्हणायचा. बाहेरचा म्हणतो, “दाब.” आतला सावकाश दाबतो आणि म्हणतो, “दाबलं, धरलंय.” बाहेरचा म्हणतो, “ढील,” आणि पाव ते अर्धा फेरा ढिलं करतो. पेडल खाली जाईल, आतल्याने घाबरायचं नाही, पाय खालीच ठेवायचा. बाहेरचा निपल घट्ट करतो, म्हणतो, “टाइट. उचल.” आतला म्हणतो, “उचलला.” एवढंच. नैयायिक आप्तवाक्याला प्रमाण मानतात, जाणत्या आणि खऱ्या माणसाच्या शब्दाला. पण शब्दाचे दोन अर्थ निघत असतील तर आप्तही कामाचा नाही. माझी बायको पूर्णपणे विश्वासार्ह आहे. घोटाळा माझ्या क्रियापदात होता. (हशा)

नळीचं टोक बाटलीत नव्या ऑइलमध्ये बुडलेलं हवं. थोडी चूक झाली तरी मग हवेऐवजी ऑइल ओढलं जातं. आणि पेडलखाली लाकडाचा छोटा ठोकळा ठेवा. जुन्या गाडीत मास्टर सिलिंडरचा पिस्टन रोज जिथपर्यंत जातो त्यापुढे गंज असतो. पेडल तळापर्यंत रेटलं तर आतलं रबर त्यावर घासून फाटतं. बरं करायला गेलो आणि मोडून आलो, असं होतं.

बुडबुडे थांबेपर्यंत आणि ऑइल नव्या रंगाचं येईपर्यंत हे करत राहा. दर पाच-सहा दाबांनंतर डबा बघा. किमान खुणेखाली गेला तर वरून हवा शिरेल आणि पहिल्यापासून सगळं करावं लागेल. एबीएस असलेल्या गाडीत तर हे जास्तच जपा. एबीएसच्या ठोकळ्यात हवा गेली तर ती काढायला कित्येकदा स्कॅनर लागतो, तिथे घरचं काम संपतं. निपल घट्ट करताना जोर बेताचा. ते छोटं, पोकळ असतं. शेवटी टोपी लावा.

आणि आता परीक्षा. पहिली: गाडी दहा मिनिटं तशीच राहू द्या. मग पेडल एकदाच दाबा, कुठे थांबतं ते बघा. आता भराभर तीन वेळा दाबून बघा. तिसऱ्या वेळी ते बरंच वर थांबत असेल, तर हवा आहे, किंवा मागच्या लायनरची फट वाढलीय. मी नेमकी हीच परीक्षा टाळली होती. दुसरी: पेडल जोराने अर्धा मिनिट धरून ठेवा. सावकाश खाली सरकत असेल तर दोष हवेचा नाही, कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचं रबर गेलंय. तिसरी: पेडल दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. ते किंचित खाली गेलं पाहिजे, म्हणजे बूस्टर ठीक. चौथी: प्रत्येक निपलला कोरडा कागद लावून बघा, ओला होतो का. पाचवी: चाकांचे नट गाडी खाली टेकल्यावर पुन्हा आवळून, मोकळ्या जागी, ताशी दहा-पंधराच्या वेगाने, हँडब्रेकवर हात ठेवून चार-पाच वेळा थांबून बघा.

सहावी परीक्षा पुस्तकात नसते. ज्याने काम केलं नाही अशा जाणत्या माणसाचा पाय एकदा त्या पेडलवर पडू द्या. मी आता काम झालं की गाडी मिस्त्रींकडे नेतो. ते बसतात, एकदा दाबतात, डोळे मिटून. मान हलवली तर मी रस्त्यावर जातो. यात मला कमीपणा वाटत नाही. ज्याने काम केलं त्याच्या पायाला ते चांगलं लागावं अशी इच्छा असते, आणि इच्छा पायातही उतरते.

एवढं बोलून थांबतो.

प्रश्नोत्तरं

प्रश्न: सर, आमचा गोदामाचा धंदा आहे. ट्रकचा ब्रेक तर हवेवरच चालतो. मग हवा वाईट कशी?

उत्तर: उत्तम प्रश्न, भिवंडीतच विचारला जाईल असा. ट्रकमध्ये कॉम्प्रेसर हवा आधीच दाबून टाकीत भरून ठेवतो. तिला दाबण्यात तुमचा पाय खर्च होत नाही, तुम्ही फक्त झडप उघडता. आणि हवा संपली तर स्प्रिंगचा ब्रेक आपोआप लागतो. म्हणजे तिथे हवा नोकरीला ठेवलेली आहे, इथे ती चोरून शिरलेली. मात्र ओल तिथेही शत्रूच, म्हणून टाकीतलं पाणी काढत राहावं लागतं.

प्रश्न: ब्रेक ऑइल नसेल तर इंजिन ऑइल चालेल का? एकाने घातलं होतं.

उत्तर: नाही, थेंबभरही नाही. खनिज तेलाने आतली रबरं फुगतात आणि सगळी व्यवस्था बिघडते. चुकून घातलं असेल तर गाडी सुरूही करू नका, पेडलही दाबू नका, उचलून गॅरेजला न्या. आणि डीओटी ५ नावाचं सिलिकॉनचं ऑइल वेगळ्या जातीचं आहे. ते डीओटी ३ किंवा ४ मध्ये मिसळायचं नाही.

प्रश्न: जुनं ऑइल टाकायचं कुठे? गटारात टाकलं तर?

उत्तर: आपली गटारं कुठे जातात ते तुम्हाला माहीत आहे. कामवारीला आपण आधीच पुष्कळ दिलंय. टाकाऊ ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या, डब्यावर नाव लिहून, इंजिन ऑइलमध्ये न मिसळता.

प्रश्न: एवढी काळजी घ्यायची तर घरी करावंच कशाला? गॅरेजमध्ये दिलेलं बरं नाही का?

उत्तर: मलाही अनेकदा तसं वाटतं. हात थरथरत असतील, मदतीला माणूस नसेल, गाडी नवी आणि एबीएसची असेल, तर द्या. पण एकदा तरी कुणा जाणत्याच्या शेजारी बसून हे काम बघा. मग गॅरेजवाला म्हणाला “झालं”, तर तुम्ही त्याला विचाराल, दहा मिनिटांनी पहिल्या दाबाला पेडल कुठे थांबतं? हा प्रश्न विचारता आला, तरी आजची संध्याकाळ वाया गेली नाही.

प्रश्न: त्या हातगाडीवाल्याला तुम्ही नंतर कधी भेटलात का?

उत्तर: नाही. त्या गल्लीतून मी अजून जातो. तसे तागे घेऊन जाणारी माणसं रोज दिसतात. त्यातला तो कोण, मला ओळखता येणार नाही. त्यामुळे आता मला ते सगळेच तो वाटतात.